स्पेस इंजिनियर्समध्ये लढाऊ जहाज बांधताय? या चुका टाळा

स्पेस इंजिनियर्स हा ठोकळे जोडून अंतराळजहाजं बांधायचा संगणक खेळ. त्यात नवीन खेळाडू आपलं लढाऊ जहाज दाखवायला आणतो तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पूर्ण हेवी आर्मर आहे!" हेवी आर्मर म्हणजे जड कवच. मी वजन विचारतो. ते बहुतेकांनी बघितलेलंच नसतं.

मोठ्या ग्रिडवर, म्हणजे मोठ्या मापाच्या ठोकळ्यांच्या जहाजात, लाइट आर्मरचा (हलक्या कवचाचा) एक ठोकळा ५०० किलोचा, हेवीचा ३,३०० किलोचा. समजा, कवचाला २,००० ठोकळे लागले. लाइटमध्ये ते १,००० टन होतं, हेवीमध्ये ६,६०० टन. आता ब्रेकसाठी चार मोठे आयन थ्रस्टर, म्हणजे विजेवर चालणारी इंजिनं, धरा, प्रत्येकी ४.३२ मेगान्यूटनचे. बाकी जहाज सोडून नुसत्या कवचाचा हिशेब केला, तरी सेकंदाला १०० मीटर वेगावरून लाइटवालं ३०० मीटरच्या आत थांबतं. हेवीवाल्याला ३८ सेकंद आणि जवळजवळ १,९०० मीटर लागतात. आर्टिलरी टरेटचा, म्हणजे आपोआप फिरून नेम धरणाऱ्या तोफेचा, पल्ला २,००० मीटर आहे. शत्रूच्या पल्ल्यात शिरल्यावर ब्रेक लावलात, तर थांबेपर्यंत तुम्ही त्याच्या अंगावर जाऊन पोचलेले असता, आणि तेही नाकासमोर सरळ रेषेत. एवढं सोपं निशाण त्याला दुसरं मिळणार नाही.

हेवी आर्मर वाईट नाही. ते सगळीकडे थापणं वाईट. मी ते रिॲक्टर, कॉकपिट आणि दारूगोळ्याभोवती लावतो, शिवाय लढताना जी बाजू शत्रूकडे असते तिच्यावर. बाकी अंगाला लाइटचे दोन थर, मधे एका ठोकळ्याची पोकळी. स्फोटक गोळा बाहेरच्या थरावर फुटतो आणि आतल्याला झळ कमी लागते. बांधताना आधी थ्रस्टर, मग यंत्रं, कवच सर्वात शेवटी, आणि कवचाच्या प्रत्येक टप्प्यानंतर ब्रेकची चाचणी. हे कंटाळवाणं आहे, पण चाचणी टाळणाऱ्यांचीच जहाजं पहिल्या लढाईत जातात.

दुसरी चूक मला याहून जास्त छळते: सगळं जहाज एकाच धाग्यावर लटकवणं. एक रिॲक्टर, एक कॉकपिट, एक कन्व्हेयर (गोळे आणि इंधन पोचवणारी नळी).

आमच्या गटातल्या एका मुलाने फार देखणं जहाज बांधलं होतं. पुढे तोफा आणि काचेचा कॉकपिट, मागे इंजिनं आणि एकुलता एक मोठा रिॲक्टर, दोन्हींना जोडणारी लांब बारीक मान. कन्व्हेयरही त्याच मानेतून गेलेला. "मान बारीक आहे, निदान पुढे बॅटऱ्या ठेव," असं सांगून झालं होतं. दिसायला बिघडेल म्हणून त्याने ठेवल्या नाहीत. लढाईत समोरच्याने कवचाला हातही लावला नाही. त्याच्या रेलगनचा, म्हणजे विजेच्या जोरावर गोळा फेकणाऱ्या तोफेचा, एक नेम मानेवर बसला, आरपार गेला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. पुढच्या तुकड्यात माणूस आणि तोफा, पण वीज नाही. मागच्या तुकड्यात वीज आणि इंजिनं, पण चालवायला कोणी नाही. जवळजवळ सगळं कवच शाबूत होतं. त्यानंतर टरेट हलेचनात, आणि शत्रूने जवळ येऊन निवांत एकेक ठोकळा उडवला.

म्हणून माझ्या प्रत्येक जहाजात पुढच्या आणि मागच्या भागाची वीज वेगळी असते. रिॲक्टर दोन, लांब-लांब, आणि दोन्ही टोकांना बॅटऱ्या. बॅटऱ्यांवर फार विसंबू नका: एक बॅटरी १२ मेगावॅट देते आणि एक मोठा आयन थ्रस्टर पूर्ण जोरात ३३.६ मेगावॅट खातो, म्हणजे तीन बॅटऱ्यांवर एकच इंजिन चालतं. पण तोफा जिवंत राहतात, जहाज वळवणारे जायरो फिरतात, आणि तेवढ्यावर माघार घेता येते. कन्व्हेयरचे मार्ग दोन, वेगवेगळ्या बाजूंनी. कॉकपिट पोटात गाडायचा आणि बाहेर कॅमेऱ्याने बघायचं. काचेतून दिसणारं आकाश सुंदर असतं, मला मान्य आहे, पण ते मालवाहू जहाजात बघा.

खात्री करायची माझी पद्धत साधी आहे. क्रिएटिव्हमध्ये, म्हणजे खेळाच्या साहित्य न लागणाऱ्या प्रकारात, जहाजाची प्रत काढतो आणि मधला एकेक ठोकळा काढून बघतो. एका ठोकळ्याने अर्धं जहाज मेलं, तर आराखडा परत टेबलावर.

थ्रस्टर उघडे ठेवू नका. २०२२ च्या वॉरफेअर २ अपडेटपासून टरेटला शस्त्रं, इंजिनं किंवा वीजयंत्रणा असं लक्ष्य नेमून देता येतं, आणि अनुभवी खेळाडू आधी इंजिनंच निवडतो. डिकॉय, म्हणजे शत्रूच्या टरेटना भुलवणारे ठोकळे, लावा, पण मुख्य अंगापासून दूर. जहाजाला चिकटवलेला डिकॉय गोळे घरातच बोलावतो.

भरलेली हायड्रोजन टाकी फुटली की शेजारचं सगळं घेऊन जाते. ती कवचाला टेकवून बसवू नका.

सगळे जायरो एकाच खोलीत नकोत.

लढाईला निघण्याआधी बॅटऱ्या 'रिचार्ज'वर आणि टाक्या 'स्टॉकपाइल'वर राहिल्या नाहीत ना, ते बघा; या सेटिंगवर त्या फक्त भरून घेतात, देत काही नाहीत. बंदराला जोडलेलं असताना जहाज ठणठणीत वाटतं आणि सुटलं की इंजिनं गप्प होतात.

वर्कशॉपमधून, म्हणजे खेळाडूंनी आपली जहाजं ठेवलेल्या ऑनलाइन साठ्यातून, तयार ब्लूप्रिंट (आराखडा) उतरवून थेट लढायला जाणाऱ्यांना मी गटात घेत नाही. उतरवा, जरूर उतरवा, पण आधी उघडून आतून फिरा, कुठली नळी कुठे जाते ते बघा. तोफेला गोळे का मिळत नाहीत हे ऐन लढाईत विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तेव्हा कोणाकडेच वेळ नसतो.

आणि प्रोजेक्टर, म्हणजे दुरुस्तीसाठी आराखड्याची छाया दाखवणारं यंत्र, आतल्या भागात बसवून त्यात जहाजाचा आराखडा भरून ठेवा, सोबत स्टील प्लेटचा साठा. शेवटच्या बदलानंतरचा आराखडा भरा, जुना नको, नाहीतर दुरुस्ती करताना तुम्ही काढून टाकलेल्या चुकाही पुन्हा बांधून बसाल.