घरी शिकणाऱ्या मुलांची बारावी आणि प्रात्यक्षिकाची तारीख

माझ्या थोरल्या मुलीने सातवीनंतर शाळा सोडली आणि दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मंडळातून, दिल्या. तिची बारावी ठरल्यापेक्षा सहा महिने उशिरा पूर्ण झाली, आणि त्याचे कारण अभ्यास नव्हते. रसायनशास्त्राच्या लेखी परीक्षेत तिला उत्तम गुण मिळाले होते. त्याच विषयाच्या प्रात्यक्षिकाला मात्र ती गैरहजर राहिली होती. आता धाकटा त्याच वर्षात आहे. त्याचे वेळापत्रक आखताना जे पुन्हा आठवले, ते या वर्षी पहिल्यांदाच या वाटेने निघालेल्या पालकांसाठी लिहीत आहे.

विज्ञान विषयांची गुणविभागणी तुम्हाला ठाऊक असेलच: ८० गुण लेखीचे, २० प्रात्यक्षिकाचे. हे २० गुण किरकोळ वाटतात, आणि तिथेच चूक होते. लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. लेखीत ८० पैकी ७० मिळवले आणि प्रात्यक्षिक हुकले, तर तो विषय सुटत नाही. आणि पाच विषय पूर्ण झाल्याशिवाय बारावीचे प्रमाणपत्र हाती पडत नाही.

लेखी परीक्षेचे वेळापत्रक संकेतस्थळावर तारीखवार मिळते. प्रात्यक्षिकांचे तसे नसते. ती लेखीच्या आधी, बहुधा मार्चच्या मध्यापासून, आपापल्या अध्ययन केंद्रावर तुकड्या पाडून घेतली जातात. मंडळ फक्त कालावधी जाहीर करते. आपल्या मुलाची तुकडी कोणती आणि तिचा दिवस कोणता, हे केंद्र ठरवते आणि ते केंद्राकडूनच विचारून घ्यावे लागते. प्रात्यक्षिकाचे प्रवेशपत्रही वेगळे निघते. शाळेतल्या मुलाला हे फलकावर दिसते, वर्गात कानावर पडते, मित्र सांगतात. आपल्या मुलाला फलक नाही, वर्ग नाही, आणि त्याच्या तुकडीतले कोणी त्याला ओळखतही नाही.

आम्ही साताऱ्यात राहतो आणि आमचे केंद्र पुण्यात होते. भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला आम्ही पहाटेच्या एसटीने वेळेवर पोहोचलो. परतताना मी रसायनशास्त्राविषयी विचारले, तेव्हा "नंतर कळवू" असे उत्तर मिळाले आणि त्यावर विसंबून मी घरी आले. पुढचे आठ दिवस मुलगी गणिताच्या मागे होती आणि मी तिच्या जेवणाच्या वेळा सांभाळत होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी फोन केला, तेव्हा तिची तुकडी चार दिवसांपूर्वीच होऊन गेली होती आणि गुणही पाठवून झाले होते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन विनंती केली, परंतु काही उपयोग झाला नाही. केंद्राने कळवायला हवे होते, असे मला आजही वाटते. पण तुकडी आणि तारीख लेखी मागून घेण्याचे काम माझे होते आणि ते मी केले नाही. मुलीने मला एकच प्रश्न विचारला, "आई, मग रसायनचा लेखी पेपर तरी द्यायचा ना?" तो तिने दिला.

म्हणून स्पष्टच सांगते: फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून दर सोमवारी केंद्राला फोन करा आणि मार्च लागला की एकदा प्रत्यक्ष जा. विषयाचे नाव घेऊन, प्रत्येक विषयासाठी वेगळे विचारा. ज्यांच्याशी बोललात त्यांचे नाव आणि दिवस वहीत नोंदवा. "नंतर कळवू" हे उत्तर मानू नका. कोणत्या तारखेला पुन्हा विचारायचे, ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. तुम्ही भिडस्त असाल तर हे जड जाईल, मलाही जात असे. तरीही करा.

इतके होऊनही हुकलेच, तर खचून जाऊ नका. नोंदणी पाच वर्षे चालते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकदा उत्तीर्ण झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. माझ्या मुलीला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्रात फक्त ते प्रात्यक्षिक द्यावे लागले. मात्र तोवर महाविद्यालयांचे प्रवेश संपलेले असतात, हेही खरे आहे.

त्या सहा महिन्यांत तिला सर्वांत जास्त शिकवले ते एका कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या प्रयोगशाळा सहायकांनी. पोटॅशियम परमँगनेटचे द्रावण इतके गडद असते की ब्युरेटमधले, म्हणजे मोजमापाच्या उभ्या नळीतले, माप द्रावणाच्या वरच्या कडेवरून वाचायचे, चंचुपात्राऐवजी शंकुपात्र का घ्यायचे, त्याखाली पांढरी फरशी ठेवून शेवटचे थेंब एकेक करून कसे सोडायचे आणि फिकट गुलाबी रंग टिकला की हात तिथेच कसा थांबवायचा, हे त्यांनी तिच्याकडून पंधरा-वीस वेळा करून घेतले. प्रयोगवही दर आठवड्याला तपासली. मार्गदर्शक शोधताना आपण पदव्या आणि क्लासच्या जाहिराती पाहतो. माझ्या मते ज्याने तीस वर्षे मुलांच्या हाताखालची काचेची भांडी सांभाळली आहेत, असा माणूस शोधावा.

एक इशारा दलालांविषयी. "दहावीनंतर एका वर्षात बारावी करून देतो" असे सांगणारे लोक प्रत्येक शहरात भेटतात. दहावी उत्तीर्ण झाल्यानंतर दोन वर्षांचे अंतर असल्याशिवाय बारावीचे पाचही विषय पूर्ण करता येत नाहीत. एक वर्षानंतर फार तर चार विषय देता येतात. नियम इतका सरळ असताना पैसे घेऊन मधली वाट दाखवणाऱ्याच्या हाती मुलाची कागदपत्रे देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे.

बाकीचे वर्ष आखणे त्या मानाने सोपे आहे. घरी लिहून द्यायचे सत्रकार्य म्हणजे टीएमए दिवाळीपूर्वीच लिहून संपवावे, कारण त्याला २० टक्के भारांश आहे आणि एप्रिलच्या परीक्षेसाठी त्याची मुदत साधारणपणे जानेवारीअखेर असते. परीक्षेचे शुल्क प्रवेशशुल्कापेक्षा वेगळे भरावे लागते, हे विसरू नये. अभियांत्रिकी प्रवेशासाठी जेईई मेन द्यायची असेल तर जानेवारीचे सत्र मनापासून द्यावे. एप्रिलमध्ये तिचे दुसरे सत्र, राज्याची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी आणि मंडळाची लेखी परीक्षा एकमेकांच्या अंगावर येतात.

निकालाचीही तयारी ठेवा. राज्य मंडळाचा निकाल मे महिन्यात लागतो आणि आपला बहुधा जूनमध्ये. या मधल्या दिवसांत शेजारीपाजारी पेढे वाटतात, महाविद्यालयांचे अर्ज सुरू होतात आणि घरात विनाकारण ताण वाढतो. तो काळ कागदपत्रांसाठी वापरावा. मुलाचे अधिवास प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे, स्थलांतर प्रमाणपत्राची एक प्रत स्वतःजवळ ठेवल्याशिवाय मूळ प्रत कोठेही देऊ नये, आणि विद्यापीठाच्या पात्रता अर्जाला काय काय लागते, ते महाविद्यालयाच्या कार्यालयात मे महिन्यातच विचारून यावे. तिथे पहिल्या खिडकीवर "हे मंडळ चालत नाही" असे कोणी म्हणाले, तर वाद न घालता प्रवेश समितीच्या प्राध्यापकांना भेटावे. आम्हाला दोन ठिकाणी असा अनुभव आला आणि दोन्ही ठिकाणी पंधरा मिनिटांत प्रश्न सुटला.

ऑक्टोबरमधल्या त्या प्रात्यक्षिकाला आम्ही आदल्या दिवशीच पुण्याला जाऊन मुक्काम केला. मुलगी आत गेल्यावर मी दारापाशी बाकावर बसले होते. अडीच तासांनी ती बाहेर आली, तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर परमँगनेटचे तपकिरी डाग होते आणि तिन्ही मोजमापे जुळल्याचे ती मला तिथेच, उभ्या उभ्या, वही उघडून दाखवत होती.