मैवंदला पडलेल्या शिपायाचं पदक कसं ओळखावं

सराफीत आयुष्य गेल्यामुळे लोक जुनी पदकं मलाच दाखवायला आणतात. पहिला प्रश्न ठरलेला, "काका, चांदीचं आहे ना?" असतं चांदीचं. पण इंग्रजांनी दुसऱ्या अफगाण युद्धासाठी (१८७८-८०) दिलेल्या पदकात मोल असतं ते कडेवरच्या नावाला, त्यातही तो शिपाई अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत पडलेला असेल तर. म्हणून आधी सांगतो, घासू नका. पितांबरी नको, चिंच नको. काळपटपणाबरोबर अक्षरांची धारही जाते.

पदक ओळखणं अवघड नाही. एकीकडे राणी व्हिक्टोरिया, दुसरीकडे पाठीवर तोफ घेतलेला हत्ती आणि कूच करणारी फौज, खाली १८७८-७९-८०. फीत हिरवी, काठ किरमिजी. व्यास ३६ मिलिमीटर, तो कॅलिपरने मोजाच. कमी भरला तर कुणीतरी मूळ नाव कानशीने उडवून दुसरं घातलंय असं समजून पुढे जा.

मग दिवा बाजूने धरा. तिरप्या उजेडात कडेवरचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उठून दिसतात. तसाच फोटो काढा.

आता पट्ट्या, म्हणजे फितीवर बसवायच्या, लढाईचं नाव असलेल्या धातूच्या पट्ट्या. अली मस्जिद, पैवार कोतल, चारासिया, काबूल, अहमद खेल, कंदाहार अशा सहाच लढायांच्या पट्ट्या निघाल्या. मैवंदची नाही. २७ जुलै १८८० ला अफगाण सरदार अयूब खानाने तिथे इंग्रजांच्या जनरल बरोजच्या ब्रिगेडचा धुव्वा उडवला. सुमारे अडीच हजारांतले हजारच्या आसपास पडले. हरलेल्या लढाईची पट्टी कोण काढतो!

त्यामुळे बिनपट्टीचं पदक 'अपुरं' म्हणून लोक बाजूला सारतात, तेच मी आधी उचलतो. कडेवर ६६वी फूट (गोऱ्यांची पायदळ पलटण), पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स किंवा जेकब्स रायफल्स (या दोन आपल्या शिपायांच्या) असेल तर थांबा, या पलटणी मैवंदला होत्या. कंदाहारची लढाई १ सप्टेंबरची, म्हणजे ती पट्टी असलेला गडी मैवंदनंतर जिवंत होता. पट्टी नसलेला मेलाच असं मात्र नाही. आजारी असेल, मागच्या ठाण्यावर असेल. पदकावर मरणाची खूण कोरत नसत. वारसाला मिळालेलं पदकही दिसायला तसंच.

छडा लागतो तो पदकांच्या याद्यांत. लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये 'डब्ल्यूओ १००' ही वॉर ऑफिसच्या याद्यांची मालिका आहे. नावापुढचा शेरा वाचा. ६६व्या पलटणीच्या मृतांची नावं इंग्लंडमधल्या रेडिंग गावी, फोरबरी गार्डन्समधल्या स्मारकाच्या सिंहाच्या चौथऱ्यावरही आहेत. (याच पलटणीच्या बॉबी नावाच्या कुत्र्यालाही राणीने पदक दिलं.) आपल्या शिपायांची नावं त्या चौथऱ्यावर नाहीत. त्यांच्यासाठी ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स, म्हणजे हिंदुस्थानच्या कारभाराची जुनी दप्तरं धुंडाळायची. कुलाब्याच्या अफगाण चर्चकडे धाव घेऊ नका. ते बांधलं पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांसाठी.

सापडलेल्या पानाची प्रत पदकाबरोबरच ठेवा, पण रबरबँडने बांधू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.