चढणीच्या माशांना वाट द्या

मृग बरसला, ओढ्यांना गढूळ पाणी आलं की नदीतले मासे चढणीला लागतात. कोकणात, मावळात, कोल्हापूरच्या पश्चिम भागात ते प्रवाहाविरुद्ध चढून ओहोळांत, भातखाचरांत अंडी घालतात. वर्षातली सगळ्यात सोपी मासेमारी हीच, आणि सगळ्यात महागात पडणारीही. गाभोळीनं पोट फुगलेली मादी काढली की पुढच्या हंगामाचे मासे आजच गेले.

म्हणून पहिले दोन-तीन पूर जाऊ द्या. खाचराच्या बांधाचं तोंड मोकळं ठेवा. खोइन (मासे धरायचा सापळा) लावायचीच तर निम्मा ओढा सोडून लावा. मच्छरदाणी आडवी बांधूच नका, तिच्यातून नखाएवढं पिल्लूही सुटत नाही. फवारणीनंतर लगेच खाचराचं पाणी ओढ्यात सोडू नका, पंपही तिथे धुऊ नका. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाआधी सगळे निघालेत का, हे गावानं जाऊन पाहावं. अडकलेल्या बर्ग्यापाशी मासा थांबतो आणि तिथेच धरला जातो.

मरळीकडे विशेष लक्ष द्या. तळ्यात लालसर पिल्लांचा घोळका श्वास घ्यायला वर येताना दिसला, तर राखण करणारी मरळ खालीच असते. तिला गळ टाकलात की इतर मासे तो घोळका फस्त करतात.

तलाव ठेक्यानं घेणाऱ्या संस्थांनी जरूर कटला, रोहू, मृगळ सोडावेत. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) मोठी घ्यावी. पण हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. वाम, शिंगटी, मरळ आपल्या आपण वाढतात, बाजारात भावही खातात. माझ्या मते खरा नफा इथेच आहे. चिलापी मात्र 1952 साली देशात आणलेली; ती भराभर विते आणि स्थानिक माशांची जागा बळकावते. ती ओढ्यात जाऊ नये म्हणून शेततळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी बसवा. आफ्रिकन मांगूर पाळायला बंदी आहे. सापडला तर नदीत फेकू नका.

जिलेटीनचा स्फोट करून किंवा विष घालून मासे मारणं 1897 च्या मासेमारी कायद्यापासून गुन्हा आहे.

महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीच्या श्रद्धेमुळे कोणी मासे धरत नाही, म्हणून तिथे महसीर टिकून आहेत. उन्हाळ्यात न आटणारा असा एखादा डोह तुमच्याही शिवारात असेल. तो बारमाही राखीव ठेवण्याचा ठराव पेरणीआधीच्या ग्रामसभेत करून घ्या.