श्रीहरिकोट्याचं उड्डाण पाहायचंय? आधी तारीख वाचायला शिका

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून श्रीहरिकोट्याला, म्हणजे आंध्र प्रदेशातल्या ज्या बेटावरून इस्रोची रॉकेटं उडतात तिथे, जायचं म्हणजे जाऊन-येऊन चार दिवस मोडतात. एवढं करून उड्डाण पुढे ढकललं, तर हाती उरतात ते तिथल्या पुलिकत सरोवराचे फोटो. म्हणून तिकिटाच्या आधी तारखेकडे बघायचं. छापून आलेल्या सगळ्याच तारखा सारख्या वजनाच्या नसतात.

तारीख किती पक्की?

‘पुढच्या वर्षी’, ‘तिसऱ्या तिमाहीत’ असं लिहिलं असेल तर वाचायचं आणि सोडून द्यायचं. परदेशी वेळापत्रकांत तारखेच्या पुढे-मागे ‘नेट’ (NET) असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ‘या तारखेच्या आधी नाही’, एवढाच. अंतराळवीर शुभांशु शुक्ला ज्या ॲक्सिअम-४ मोहिमेत गेले, तिचं उड्डाण आधी मे २०२५ च्या अखेरीस ठरलं होतं. मग हवामान आडवं आलं, रॉकेटमध्ये द्रव ऑक्सिजनची गळती सापडली, अंतराळ स्थानकाच्या रशियन भागातल्या गळतीची तपासणी निघाली. प्रत्यक्ष उड्डाण झालं २५ जूनला.

इस्रोच्या उड्डाणाआधी काही खुणा दिसू लागतात. बंगालच्या उपसागरावरचा ठरावीक पट्टा विमानांसाठी बंद ठेवण्याची सूचना निघते, तिला ‘नोटॅम’ म्हणतात. तीत बहुधा एकापेक्षा जास्त दिवस दिलेले असतात, त्यामुळे ती निघाली म्हणून पहिलाच दिवस धरून बसू नये. मग रॉकेट पॅडवर, म्हणजे उड्डाणाच्या चौथऱ्यावर जातं. प्रेक्षक गॅलरीची नोंदणी उघडते. शेवटी सुमारे एक दिवसाचा काउंटडाउन सुरू होतो. आमचा सल्ला सरळ आहे: इस्रोने स्वतः मिनिटासकट वेळ जाहीर केल्याशिवाय परत न मिळणारा एक रुपयाही खर्चू नका.

त्यानंतरही खात्री नसतेच. १५ जुलै २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा काउंटडाउन ५६ मिनिटं २४ सेकंद उरले असताना थांबवला गेला आणि यान उडालं २२ जुलैला. २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानची टीव्ही-डी१ चाचणी सकाळी ८ ची होती. हवामानामुळे ती पावणेनऊवर गेली, ५ सेकंद उरले असताना संगणकाने रोखली आणि दोष काढून १० वाजता पार पडली. मैदान सोडून लगेच बाहेर पडणाऱ्यांचं अशा वेळी नुकसान होतं. ‘होल्ड’ म्हणजे थांबलंय, ‘स्क्रब’ म्हणजे आजचं रद्द. स्क्रब ऐकू येईपर्यंत जागा सोडायची नाही.

साडेपाच तासांचा घोळ

नोटॅम आणि परदेशी वेळापत्रकं जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत असतात. त्यात ५ तास ३० मिनिटं मिळवली की आपली वेळ येते. चुकतं ते तारखेत. यूटीसीप्रमाणे संध्याकाळी साडेसहानंतरचं काहीही आपल्याकडे दुसऱ्या दिवशी जातं. चांद्रयान-२ ची ती रद्द झालेली वेळ यूटीसीत १४ जुलै, २१:२१ अशी होती. आपल्याकडे १५ जुलै, पहाटे २:५१. अशी वेळ असेल तर फोनच्या गजरात आपली तारीख घालून ठेवा.

जायचं कसं

अहमदाबाद-चेन्नई नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळवरून जाते, म्हणून खान्देशाला ती सोयीची. जळगावहून चेन्नई साधारण एक दिवस-रात्र. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, दोन्ही टिकतात. चेन्नईहून उत्तरेकडे सुळ्ळुरुपेटा हे स्टेशन ८० किमीच्या आसपास आहे, तिथवर लोकल मिळते. वाटेत गूडूरला उतरूनही मागच्या बाजूने सुळ्ळुरुपेट्याला येता येतं. तिथून बेट सुमारे १८ किमी, रस्ता सरोवराच्या मधून जातो.

आता अडचण अशी की रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि उड्डाणाची नेमकी वेळ कळते फार तर आठ-पंधरा दिवस आधी. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला वेटिंग किंवा तत्काळ. तत्काळ एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला उघडतं, पण ते गाडी मूळ स्टेशनावरून सुटण्याच्या आदल्या दिवशी. नवजीवन अहमदाबादहून रात्री सुटते आणि आपल्याकडे येईतो तारीख बदललेली असते. त्यामुळे जळगावकराने बसायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी तत्काळ काढायचं असतं. इथे हमखास लोक चुकतात. शिवाय कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत नाहीत, हे धरूनच हिशोब करा. परतीचं तिकीट उड्डाणाच्या दुसऱ्या दिवसानंतरचं ठेवा, म्हणजे एक दिवसाची ढकल पोटात घेता येते. ५ डिसेंबर २०२४ ला प्रोबा-३ हे युरोपचं यान श्रीहरिकोट्याहून नेमकं असंच एक दिवस उशिरा गेलं.

ऋतूही बघा. ऑक्टोबर ते डिसेंबर आपल्याकडे कपाशीची वेचणी असते आणि आभाळ बहुतेक मोकळं. तिकडे तोच ईशान्य मोसमी पावसाचा काळ. छत्री न्यायची.

गॅलरी

श्रीहरिकोट्याची प्रेक्षक गॅलरी २०१९ मध्ये सुरू झाली. नोंदणी सतीश धवन अंतराळ केंद्राच्या संकेतस्थळावर होते. ती उघडली की पास भराभर संपतात, म्हणून सोबतच्या प्रत्येकाचं नाव, वय, ओळखपत्राचा क्रमांक आधीच एका जागी लिहून ठेवा. ज्या ओळखपत्रावर नोंदणी केली तेच मूळ ओळखपत्र जवळ हवं. पास नाही मिळाला तर सुळ्ळुरुपेट्याकडच्या सरोवराच्या काठावरून लोक पाहतात. पोलीस जिथे अडवतील तिथे थांबायचं. आभाळ स्वच्छ असेल तर चेन्नईच्या गच्चीवरूनही रॉकेट दिसतं.

त्या पंधरा मिनिटांत काय बघायचं

पहिल्यांदा पाहणाऱ्याने कॅमेरा खाली ठेवावा, हे आमचं ठाम मत. ज्वाळा दिसली की मनात सेकंद मोजा. आवाजाला एक किमी यायला सुमारे ३ सेकंद लागतात, म्हणून आवाज पोचेपर्यंतचे सेकंद भागिले ३ म्हणजे पॅड किती किलोमीटरवर आहे ते. आवाज येतो तोवर रॉकेट बरंच वर गेलेलं असतं.

एलव्हीएम-३ हे इस्रोचं सर्वांत दणकट रॉकेट असेल तर वेळा चांद्रयान-३ च्या उड्डाणाप्रमाणे धरून चाला: १०८ व्या सेकंदाला मधल्या टप्प्याची द्रव इंधनाची इंजिनं पेटतात, १२७ व्या सेकंदाला दोन्ही बाजूंचे घन इंधनाचे बूस्टर गळून पडतात, १९५ ला टोकाचं आवरण सुटतं, ३०५ ला मधला टप्पा वेगळा होतो आणि लगोलग क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणारं इंजिन सुरू होतं. डोळ्यांनी दिसतं ते बूस्टर सुटण्यापर्यंत, पुढचं पडद्यावर.

पडद्यावर एक आलेख असतो: ठरलेल्या मार्गाची एक रेघ आणि तिच्यावरून सरकणारी प्रत्यक्षाची दुसरी. निवेदक काय म्हणतो यापेक्षा ही दुसरी रेघ बघा. ती पहिलीच्या खाली वाकू लागली की काहीतरी बिघडलंय. १२ ऑगस्ट २०२१ ला जीएसएलव्ही-एफ१० या रॉकेटचं क्रायोजेनिक इंजिन पेटलंच नाही. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात फसलं. दोन्ही वेळा पॅडवरून उड्डाण झकास झालं होतं, म्हणून उपग्रह वेगळा होईपर्यंत टाळ्या वाजवू नयेत.

घरून किंवा शाळेतून

इस्रोचं यूट्यूब प्रक्षेपण उड्डाणाच्या साधारण अर्धा तास आधी चालू होतं. ते काही सेकंद ते अर्धा मिनिट मागे असतं, त्यामुळे दोन फोनवर दोन आवाज लावू नका. शाळेत प्रोजेक्टरला मोबाइलचं नेट देणार असाल तर दर्जा ७२० वर ठेवा आणि तासाला दीड जीबी डेटा धरा. फोन चार्जरला लावलेला असू द्या. वीज गेली तरी फोनवर चित्र चालू राहतं, आणि दहा-बारा मुलांना तेवढं पुरतं.

खान्देशच्या आभाळात काय दिसेल

उड्डाण दिसणार नाही. जळगाव ते श्रीहरिकोटा हवाई अंतर साडेनऊशे किमीच्या घरात आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे रॉकेट ७० किमी उंच गेल्यावर कुठे आपल्या क्षितिजाला टेकतं, आणि तोवर ते समुद्राकडे लांब निघालेलं असतं. अंतराळ स्थानक मात्र छान दिसतं: सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधी, न लुकलुकणारा ठिपका, चार-सहा मिनिटं. मध्येच विझला तर तो पृथ्वीच्या सावलीत शिरला, एवढंच.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रभर जो जळता पट्टा दिसला, तो चिनी रॉकेटचा परतणारा टप्पा होता. त्याची सुमारे ३ मीटर व्यासाची कडी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात पडली. उल्का सेकंद-दोन सेकंदांत संपते. असा पट्टा सावकाश सरकतो आणि तुटत जातो. शेतात असा तुकडा सापडला तर हात लावू नका, गुरं लांब बांधा. टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. फोटो लांबून काढा, पोलीस पाटलाला आणि तहसीलला कळवा.