‘चालतंय भो’ तिथे चालत नाही

मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५वर गेला की दुपार कलल्यावर आमच्याकडे पोरं यायला लागतात. हातात फाइल, सोबत वडील नाहीतर मामा. अमेरिकेतल्या विद्यापीठाचं पत्र आलेलं असतं, एखाद्याचा मुंबईचा इंटरव्ह्यूही झालेला असतो. प्रश्न ठरलेले: काय विचारतात, बँकेत किती दाखवायचे, शिक्का बसला की झालं ना? मी सावद्याचा, केळीवाल्याच्या घरातला. २०१६मध्ये एम.एस.ला निघालो तेव्हा माझेही प्रश्न हेच होते. शिक्का बसल्यावर काय सुरू होतं, ते सांगायला गावात कोणी नव्हतं.

व्हिसा हा दारापर्यंतचा पास. आत गेल्यावर तुमचं राहणं टिकतं ते ‘स्टेटस’वर. त्याचा हिशेब ‘सेव्हिस’ नावाच्या सरकारी प्रणालीत असतो (आय-९०१ची ३५० डॉलर फी भरता ती याचसाठी) आणि त्यात नोंदी करतो विद्यापीठातला एक अधिकारी, त्याला डीएसओ म्हणतात. तिथे असताना पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली तरी काही बिघडत नाही. पण स्टेटस मोडलं, तर व्हिसाची चार वर्षं शिल्लक असूनही उपयोग नाही. हे मला कळलं ते एका रात्रीच्या उद्योगामुळे.

दुसऱ्या सत्रात माझे तीन विषय होते, नऊ क्रेडिट. पदवीच्या मुलांना पूर्णवेळ म्हणजे किमान बारा, एम.एस.वाल्यांचा आकडा विद्यापीठ ठरवतं, आमच्याकडे तो नऊ होता. त्यातल्या एका विषयात पहिल्याच परीक्षेत आपटलो. आपल्याकडे एटीकेटीची सवय, विषय राहिला तर राहिला, पुढच्या वेळी काढू. रात्री अकराला पोर्टल उघडलं, ‘ड्रॉप’ दाबलं आणि शांत झोपलो. पोर्टलने कुठे अडवलं नाही. ते कशाला अडवेल? विद्यापीठाच्या लेखी मी एक विषय सोडला होता. स्टेटसच्या लेखी मी अर्धवेळ विद्यार्थी झालो होतो, आणि ते टिकतं पूर्णवेळ शिकण्यावर.

तिसऱ्या दिवशी इंटरनॅशनल ऑफिसचा मेल आला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, “आधी का नाही विचारलंस?” विषय कमी करायला परवानगी मिळते, पण कारणं मोजकी: तिथली शिकवण्याची पद्धत सुरुवातीला न झेपणं, वाचनाचा बोजा, चुकीच्या पातळीचा विषय गळ्यात पडणं, डॉक्टरच्या पत्रासह आजारपण, किंवा शेवटच्या सत्रात तेवढेच विषय उरलेले असणं. माझं कारण बसलंही असतं. फक्त ते ड्रॉप दाबण्याआधी सांगायला हवं होतं. आता नोंद रद्द झाली असती, तर स्टेटस परत मिळवायचा वेगळा अर्ज, तोही साधारण पाच महिन्यांच्या आत, आणि निकाल येईपर्यंत जीव टांगणीला.

वाचलो ते सत्राच्या मध्यावर सुरू होणाऱ्या एका विषयामुळे. पहिला सापडला तो ऑनलाइन होता, आणि माझ्याकडे एक ऑनलाइन आधीच होता. पूर्णवेळच्या हिशेबात एका सत्रात ऑनलाइनचा एकच विषय धरतात, तीन क्रेडिटपर्यंत. मग वर्गात बसायचा संख्याशास्त्राचा एक शोधला, प्राध्यापकांच्या मागे लागून दोन दिवसांत सही आणली. तेव्हापासून माझा नियम: पोर्टलवर काहीही दाबायच्या आधी डीएसओला दोन ओळींचा मेल. विषय सोडणं, शाखा बदलणं, कोर्स लांबणं, सगळ्याला.

ही चूक निस्तरता आली. दुसरी एक आहे, जी निस्तरत नाही, आणि ती नेमकी आपल्या माणसांतून येते.

तिथे तासाभरावर एका गृहस्थांचा पेट्रोल पंप होता. बोलता बोलता यावल तालुक्यातले निघाले. जेवायला बोलावलं, शेवभाजी केली, माझे डोळे भरून आले. निघताना म्हणाले, “शनवार-रविवार काउंटरवर बसत जा, भो. पैसे रोख देईन.” एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, सुट्टीत जास्त. त्यापुढे सीपीटी (शिकताना अभ्यासाचा भाग म्हणून केलेलं काम) असो की ओपीटी (आपल्या विषयातलं काम, बहुधा कोर्स संपल्यावर), आधी कागद, मग काम. आणि स्टेटस परत मिळवायच्या अर्जात अट असते, की तुम्ही विनापरवाना काम केलेलं नसावं. विषय सोडणाऱ्याला तो दरवाजा थोडा तरी उघडा असतो. रोखीने काउंटरवर बसणाऱ्याला नाही. ‘पैसे नका देऊ, नुसती मदत करतो’ हीही पळवाट नव्हे. ज्या कामाला एरवी पगार मिळतो ते फुकट केलं तरी काम ते कामच.

नियम समजायला पाच मिनिटं लागली. घरी समजवायला महिना. आप्पा फोनवर म्हणायचे, “अरे, आपलेच आहेत ते, नाही कसं म्हणतोस?” लग्नाच्या पंगतीत वाढपी व्हायला आपल्याकडे कोणी परवानगी विचारत नाही, त्यामुळे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेवटी मी विद्यापीठाच्या मेसमध्ये भांडी धुवायचं काम धरलं, आठवड्याला अठरा तास. ते ऐकून आई रडली, पण तो वेगळा विषय.

प्राध्यापक म्हणून जाणाऱ्यांचं खातं निराळं. माझे दाजी धुळ्याला कॉलेजात शिकवतात. ते वर्षभरासाठी व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून गेले होते. जे-१ व्हिसा, आणि विद्यार्थ्यांना विद्यापीठ देतं त्या आय-२० फॉर्मच्या जागी डीएस-२०१९. इथल्या एजंटकडून घेतलेला त्यांचा विमा अपुरा निघाला. दर आजाराला किंवा अपघाताला एक लाख डॉलरचं संरक्षण हवं, रुग्णाला मायदेशी हलवायला ५० हजार, मृतदेह परत पाठवायला २५ हजार, आणि पदरचे भरायचे ते ५००पेक्षा जास्त नकोत. सोबत गेलेल्या ताईलाही हेच लागू. विमा जाणूनबुजून नाही काढला तर कार्यक्रमच संपवतात. दुसरं म्हणजे व्याख्यान. दुसऱ्या एका विद्यापीठाने मानधन देऊन बोलावलं आणि दाजींनी इथल्या सवयीने लगेच हो म्हटलं. तिथे आपल्या यजमान विद्यापीठाची लेखी परवानगी आधी लागते. तारीख लांब होती म्हणून मिळाली.

जे-१वाल्यांना धास्ती असते ती दोन वर्षं मायदेशी परतण्याच्या अटीची. ‘स्किल्स लिस्ट’मुळे (कोणत्या देशाला कोणती कौशल्यं हवीत, याची अमेरिकी यादी) लागणारी ही अट भारतीयांसाठी उरलेली नाही, ९ डिसेंबर २०२४च्या नव्या यादीत भारत नाही. पण भारत किंवा अमेरिका सरकारच्या पैशावर गेलात, तर अट लागतेच. शिवाय संशोधक म्हणून एक कार्यक्रम संपवला, की त्याच प्रकारात पुन्हा जायला २४ महिने थांबावं लागतं. सहा महिन्यांत कंटाळून परत येणाऱ्यांना हे नंतर कळतं.

किरकोळ वाटणाऱ्या तारखांसाठी मी खोलीत घरून नेलेलं कालनिर्णय टांगलं होतं. खोली बदलली की दहा दिवसांत नवा पत्ता कळवायचा. पोरं दर उन्हाळ्यात स्वस्त खोली शोधत फिरतात आणि हेच विसरतात. घरी यायचं असेल तर आय-२०वर प्रवासाची सही वर्षाच्या आतली हवी, ओपीटीवर असाल तर सहा महिन्यांच्या. ओपीटीचा अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून ते नंतर ६० दिवसांपर्यंत, आणि ती सुरू झाली की बेकारीचे एकूण ९० दिवस. माझे ६७ गेले होते, एकादशीच्या शेजारी आकडे लिहीत होतो. कमाई शून्य असली तरी तिथल्या करखात्याचा ८८४३ नंबरचा फॉर्म दरवर्षी भरायचा. कोर्स संपल्यावर निघायला एफ-१ला ६० दिवस, जे-१ला ३०.

आणि हो, आईने बॅगेत लोणच्याखाली भरताच्या वांग्याचं बी पुडीत बांधून ठेवलं असेल तर ते इथेच काढा. बियाणं असं नेता येत नाही, आणि विमानतळावर खाण्याच्या वस्तू लपवण्यापेक्षा फॉर्मवर ‘हो’ लिहिणं स्वस्त पडतं.

परवा चोपड्याची एक मुलगी आली होती. नुकतंच लग्न झालंय, नवऱ्याला एफ-२वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, नेणार. “तो तिकडे काहीतरी बघेल ना, सर?” मी सांगितलं, एफ-२वर काम करता येत नाही, अर्धवेळ शिकता येतं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो म्हणाला, “मग मी दुसऱ्या वर्षी येतो.” बाहेर लू चालली होती, त्यांना ऊन उतरेपर्यंत थांबवलं आणि दोघांना त्याच्या अर्जाच्या तारखा काढायला बसवलं.