सोलापुरात पहिला गेमिंग कॉम्प्युटर जुळवण्याआधीची तयारी

दुकानात जाण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणते खेळ खेळायचे आहेत, ते कोणत्या स्क्रीनवर खेळायचे आहेत, आणि मॉनिटर, कीबोर्ड, माउस, विंडोजचे लायसन्स व यूपीएस धरून हातात एकूण किती रक्कम आहे. तिसरी गोष्ट बहुतेक वेळा अर्धीच लिहिली जाते. ५०,००० रुपयांचा सगळा हिशेब कॅबिनेटच्या आतल्या भागांवरच संपतो आणि यूपीएस पुढच्या महिन्यावर ढकलला जातो. सोलापुरात हे परवडणारे नाही. उन्हाळ्यात इथे पारा ४० अंशांच्या वर जातो, यंत्रमागांच्या वस्तीत सुताची बारीक लव हवेत तरंगत असते आणि विजेचा दाब वरखाली होतो. त्यामुळे ज्या भागांमुळे खेळाचा वेग एका फ्रेमनेही (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांपैकी एकानेही) वाढत नाही, तेच भाग इथे यंत्राचे आयुष्य ठरवतात, आणि त्यांचे पैसे यादीत आधी बाजूला काढावे लागतात.

खेळांची नावे खरोखरच लिहावीत, कारण प्रत्येक खेळाची मागणी वेगळी असते. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांना वेगवान प्रोसेसर हवा असतो आणि मध्यम ग्राफिक कार्ड (खेळातले चित्र तयार करणारा भाग) पुरते. सायबरपंक किंवा फोर्झासारख्या खेळांत मात्र सगळा भार ग्राफिक कार्डावर पडतो. बीजीएमआयसाठी कॉम्प्युटर घेण्याचा विचार असेल, तर तो खेळ अधिकृतपणे फक्त मोबाइलवर चालतो हे आधी समजून घ्यावे. कॉम्प्युटरवरचा पबजी हा वेगळा खेळ असून तो जानेवारी २०२२ पासून मोफत आहे. इंजिनीअरिंगला असलेल्यांनी ऑटोकॅड किंवा व्हिडिओ एडिटिंगसारखी कामेही याच कागदावर लिहावीत, म्हणजे रॅम किती घ्यायची हा प्रश्न आपोआप सुटतो.

स्क्रीनबाबत फार विचार करण्याची गरज नाही. कमी खर्चाच्या पहिल्या यंत्राला १९२० × १०८० रिझोल्यूशनचा, २४ इंची, आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिले तरी रंग न बिघडणारा) आणि किमान १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर योग्य ठरतो. घरातला टीव्ही सुरुवातीला वापरता येतो, पण बहुतेक टीव्ही ६० हर्ट्झचे असतात आणि त्यांना गेम मोड लावला नाही तर माउस हलवल्यानंतर चित्र हलायला जाणवण्याइतका उशीर होतो.

आता ग्राफिक कार्ड. मॉनिटर सोडून उरलेल्या रकमेचा एक तृतीयांश ते दोन पंचमांश इतका वाटा या एकाच वस्तूला द्यावा आणि बाकीचे भाग त्याच्याभोवती जुळवावेत. १०८० रिझोल्यूशनला ८ जीबी मेमरीचे कार्ड ही आजची खालची मर्यादा मानावी, कारण नव्या खेळांत ४ जीबीच्या कार्डाला चित्राचा दर्जा पुष्कळ उतरवावा लागतो. २०२१ साली आलेले रेडिऑन आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे आणि १३२ वॉटचे कार्ड अजूनही या हिशेबात बसते. थोडे अधिक पैसे असतील तर ११५ वॉटचे आरटीएक्स ४०६० पाहावे, आणि कमी वीज म्हणजे कमी उष्णता हा त्याचा गुण सोलापुरात विशेष मोलाचा आहे. नावांच्या बाबतीत मात्र फार सावध राहावे. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डे विकली जातात: एक ८ जीबीचे, १३० वॉटचे आणि २,५६० कोरांचे (कोर म्हणजे हिशेब करणारे छोटे एकक), दुसरे ६ जीबीचे, ७० वॉटचे आणि २,३०४ कोरांचे. दुसरे वाईट नाही, कारण त्याला बहुधा वेगळी वीजजोडणी लागत नाही. पण ते पहिल्याच्या किमतीत कोणी देत असेल तर घेऊ नये. आरएक्स ६५०० एक्सटीला मदरबोर्डाशी बोलण्यासाठी चारच पीसीआय लेन (माहितीच्या वाटा) असतात, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्याचा वेग आणखी घटतो. ‘४ जीबी ग्राफिक कार्डासह गेमिंग सेट’ अशी जाहिरात दिसली तर कार्डाचे पूर्ण नाव विचारावे. ते जीटी ७३० निघाले, तर मेमरीचा आकडा कितीही मोठा असला तरी आजचे खेळ त्यावर चालणार नाहीत. इंटेलचे आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड किमतीच्या मानाने चांगले आहे, पण त्याला रिसायझेबल बार ही सोय चालू असलेला बोर्ड लागतो, म्हणून जुन्या सेटमध्ये बसवण्यासाठी ते निवडू नये.

कार्डापुरते पैसे आज नसतील तर रायझन ५ ५६००जीसारखा, आतच बरे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन व्हॅलोरंटसारख्या हलक्या खेळांपासून सुरुवात करता येते आणि कार्ड सहा-आठ महिन्यांनी बसवता येते. मात्र ५६००जीमध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान साठवण) १६ एमबी आहे, तर साध्या ५६००मध्ये ३२ एमबी, त्यामुळे पुढे कार्ड बसवल्यावर ५६००जी थोडा मागे पडतो. कार्ड लगेच घ्यायचे असेल तर सरळ ५६०० घ्यावा.

प्रोसेसर निवडताना मदरबोर्डाचा विचार त्याच्यासोबतच करावा, कारण दोन्हींचा सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) एक असावा लागतो. सहा कोर आणि बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामे) ही पातळी पुरेशी आहे. रायझन ५ ५६०० आणि कोअर आय५-१२४००एफ दोन्ही तिथे बसतात, तर चार कोरांचा आय३-१२१००एफ अगदीच हात आखडता घ्यावा लागला तर चालतो. इंटेलच्या नावातल्या शेवटच्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही असा आहे, म्हणजे कार्ड बिघडले की स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. ५६०० ज्या एएम४ सॉकेटवर बसतो तो आता पुढे वाढणारा नाही, तर २०२२ साली आलेल्या एएम५ ला २०२७ पर्यंत आणि पुढेही पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. परंतु एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने चढले आहेत. माझे मत असे की रक्कम ताणावी लागत असेल तर एएम४ निवडून वाचलेले पैसे कार्ड आणि एसएमपीएस (भिंतीतली वीज आतल्या भागांना पुरवणारा डबा) यांना द्यावेत. बी४५० बोर्ड घेताना त्याचा बायोस (यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) रायझन ५००० मालिकेसाठी अद्ययावत केलेला आहे का, याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी. नाहीतर घरी आणलेला सेट सुरूच होत नाही आणि दोष प्रोसेसरवर येतो. १२ व्या पिढीच्या इंटेल बोर्डांत काही डीडीआर४ चे असतात, काही डीडीआर५ चे. खोक्यावरचे नाव पाहूनच रॅम घ्यावी.

रॅम १६ जीबी घ्यावी आणि शक्य तो ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, कारण दोन वाटांनी माहिती ये-जा करते तेव्हा खेळ अधिक सलग चालतो; आतल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना तर दोन पट्ट्यांचा फरक स्पष्ट दिसतो. एसएसडी (खेळ साठवण्याची डिस्क) एनव्हीएमई या वेगवान प्रकारची आणि जमल्यास १ टीबीची असावी, कारण आजचे अनेक मोठे खेळ एकेकटेच १०० जीबीहून अधिक जागा घेतात. एम.२ आकाराच्या सगळ्याच एसएसडी एनव्हीएमई नसतात, हे खोक्यावर वाचून घ्यावे.

एसएमपीएस हा भाग शेवटी उरलेल्या पैशांत घेण्याची सवय आहे, आणि तीच सगळ्यांत महाग पडते. ५६०० आणि आरएक्स ६६०० असलेले यंत्र खेळताना साधारण २५० ते ३०० वॉट ओढते, म्हणजे ५०० ते ५५० वॉटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस निवांत पुरतो. प्रश्न आकड्याचा नसून तो आकडा खरा आहे का याचा आहे. एसएमपीएसच्या बाजूच्या पट्टीवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे: ३७ अँपिअर असतील तर ४४४ वॉट झाले. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टच्या वाटेने वीज घेतात, म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरांत ५०० लिहिलेले असून हा गुणाकार २००-२५० वर थांबत असेल तर तो एसएमपीएस परत ठेवावा. त्याच पट्टीवर इनपुटच्या जागी १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असावे. नुसते २०० ते २४० लिहिलेला एसएमपीएस दाब खाली गेल्यावर यंत्र मध्येच बंद पाडू शकतो. ८० प्लस ब्रॉन्झ ही खूण हवीच, पण ती फक्त विजेच्या वापरातली काटकसर सांगते, संरक्षणाची हमी देत नाही. म्हणून पाच वर्षांची वॉरंटी देणाऱ्या कंपनीला प्राधान्य द्यावे.

भाग घरी येण्याआधी घराचीही तपासणी व्हावी. ज्या प्लगवर कॉम्प्युटर लावायचा त्याला खरे अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकामागे तार नसते. अशा ठिकाणी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट यांतला फरक लक्षात ठेवावा: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, त्यामुळे मॉनिटर धरून वर सांगितलेल्या यंत्राला १,००० व्हीएच्या आसपासचा घेणे सुरक्षित. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचे बटण यूपीएस मोडवर आहे का ते पाहावे. लाइट गेल्यावर चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६ ते १७ मिलिसेकंद यंत्राला तगवून धरतो, आणि इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागला तर कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

कॅबिनेटची निवड मी याच वजनाची मानतो. समोरून सबंध काच असलेली कॅबिनेट दुकानात उठून दिसतात, पण त्यांत हवेला शिरायला वाटच नसते. समोर जाळी, तिच्यामागे दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक पंखा हवा बाहेर टाकणारा, एवढी रचना आपल्या हवामानाला हवीच. कार्डांची आणि प्रोसेसरची परीक्षणे बहुतेक २० ते २५ अंशांच्या खोलीत केलेली असतात. मे महिन्यात स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३८ अंश असतील तर तोच भाग खोलीच्या तापमानातल्या फरकाइतक्याच अंशांनी जवळजवळ अधिक तापतो, म्हणजे परीक्षणात ७० अंशांवर असलेले कार्ड इथे ८३ ते ८८ वर जाते. प्रोसेसरसोबत येणारा छोटा पंखा सुरुवातीला चालेल, पण पुढची पहिली सुधारणा १२० मिलिमीटर पंख्याच्या टॉवर कूलरची असावी. साखर पेठ, भवानी पेठ, अशोक चौक किंवा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांनी समोर आणि खाली काढता येणारी फिल्टरची जाळी असलेले कॅबिनेटच घ्यावे. माग चालतात तिथली लव साध्या धुळीसारखी झटकून जात नाही, ती हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता काढून टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते आणि हवेची वाट पूर्ण बंद करते. जाळी दर पंधरा दिवसांनी काढून झटकावी, कॅबिनेट जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावे, आणि खोलीतल्या कूलरचा दमट झोत थेट त्यावर येणार नाही अशी जागा आधीच ठरवावी.

खरेदी नवी पेठेतल्या दुकानातून करावी, पुण्याहून आणावी की ऑनलाइन मागवावी, याचा निर्णय नुसत्या किमतीवर घेऊ नये. प्रत्येक भागाची वॉरंटी कोण देणार, सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे की बाहेरगावी, भाग पाठवण्याचा कुरिअर खर्च कोणाचा, आणि भाग परत येईपर्यंत पर्यायी काही मिळेल का, हे चार प्रश्न पैसे देण्याआधी विचारावेत. या उत्तरांसाठी स्थानिक दुकानदाराला थोडे जास्त पैसे देणे मला रास्त वाटते. १८ टक्के जीएसटी वाचवण्यासाठी कच्चे बिल घेऊ नये. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्यावा. प्रोसेसर खोक्यातला आहे की सुटा, हेही विचारावे, कारण सुट्याला कंपनीची वॉरंटी बहुधा लागू नसते. जुने कार्ड घ्यायचेच असेल तर ते यंत्रात बसवून, जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये त्याचे खरे नाव पाहून आणि निदान अर्धा तास खेळ चालवूनच घ्यावे; आरएक्स ५८० म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक कार्डांत २,३०४ ऐवजी २,०४८ कोरच असतात.

जुळवणीच्या दिवशी शेजारी उभे राहून काही गोष्टी पाहून घ्याव्यात. चार खाचांच्या बोर्डावर रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत असाव्यात, बायोसमध्ये एक्सएमपी चालू करून रॅम तिच्या पूर्ण वेगाने धावत असावी, आणि टीपीएम २.० व सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असाव्यात, कारण विंडोज ११ वर व्हॅलोरंटला त्या लागतात आणि विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. मॉनिटरची केबल मदरबोर्डात न लावता ग्राफिक कार्डात लावावी आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटरचा पूर्ण हर्ट्झ निवडावा, नाहीतर पैसे मोजलेला वेग ६० वरच अडकून राहतो. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच भर दुपारी एक जड खेळ तासभर चालवून कार्डाचे आणि प्रोसेसरचे तापमान लिहून ठेवावे; यंत्र बंद पडत असेल किंवा चित्रात ठिपके येत असतील तर बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधीच दुकानात न्यावे, आणि वॉरंटी संपेपर्यंत ग्राफिक कार्ड व मदरबोर्ड यांची खोकी आतल्या स्पंजसह जपून ठेवावीत.