जीकेचं शब्दकोडं सोडवताना आधी घरं मोजा, उत्तर नंतर

बऱ्याच जणांना वाटतं की सामान्य ज्ञानाचं शब्दकोडं म्हणजे ज्याला सगळं पाठ आहे त्याचंच काम, आणि मग दोन सूचना वाचून पेपर बाजूला ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. अर्धवट माहितीवरही पूर्ण कोडं सुटतं, फक्त माहिती अक्षरांच्या हिशोबात बसवता यायला हवी.

तर पहिलं म्हणजे घर कसं मोजायचं. काना मात्रा वेलांटी अनुस्वार सगळं त्याच अक्षरासोबत एका घरात, जोडाक्षर पण एकाच घरात. म्हणजे वर्धा दोन घरं (व, र्धा), पंचगंगा चार, महाबळेश्वर सहा (म, हा, ब, ळे, श्व, र). नवीन लोक इथेच अडकतात, श्व ची दोन घरं धरतात आणि मग बरोबर उत्तर सुद्धा "बसत नाही" म्हणून सोडून देतात.

आता खरी गंमत. सूचना आहे "अष्टविनायकांपैकी एक (३)". आठही गावं डोक्यात आणा आणि घरं मोजा. पाली दोन, मोरगाव चार, सिद्धटेक चार, रांजणगाव पाच, हे सगळे गेले. राहिले महड, थेऊर, ओझर आणि लेण्याद्री. सूचनेत "पुणे जिल्ह्यातील" असेल तर महड पण गेलं कारण ते रायगडात. आता तीन उरले, इथे अंदाजाने काही लिहू नका, शेवटच्या घरातून जाणारा उभा शब्द सोडवा, तिथे र आला तर थेऊर किंवा ओझर, द्री आला तर लेण्याद्री. आणि जर मधल्या घरात आकडा असेल, म्हणजे तिथून उभा शब्द सुरू होत असेल, तर लेण्याद्री लगेच बाद, कारण मराठीत ण ने सुरू होणारा शब्द जवळपास नाहीच. ळ चं पण तसंच. ही युक्ती फार कमी लोक वापरतात पण माझ्या मते सगळ्यात कामाची आहे, आकडा असलेल्या घरात ण किंवा ळ आला तर आधीचं उत्तर पुन्हा तपासायचं.

काही सूचना मुद्दाम सोडून पुढे जायचं. "महाराष्ट्रातील एक संत (४)" ही त्यातली. ज्ञानेश्वर चार, नामदेव चार, एकनाथ चार, तुकाराम चार, रामदास चार, जनाबाई, मुक्ताबाई, चोखामेळा सगळे चारच! नुसत्या घरांवरून काही कळणार नाही, निदान दोन अक्षरं मिळेपर्यंत पेन्सिल लावायची नाही. पण सूचनेत गाव दिलं असेल तर प्रश्न मिटला, पैठण म्हणजे एकनाथ, देहू म्हणजे तुकाराम, गंगाखेड म्हणजे जनाबाई, मंगळवेढा असेल तर मात्र चोखामेळा किंवा कान्होपात्रा, दोन्ही चारच.

ज्ञानपीठ तर येतंच येतं. खांडेकर चार, नेमाडे तीन, पण "ज्ञानपीठ मिळालेले मराठी कवी (५)" असं आलं की कुसुमाग्रज (१९८७) पण बसतात आणि करंदीकर (२००३) पण, दोघांची सुरुवात क पासूनच. पहिल्या घरात उकार आहे की नाही तेवढंच बघायचं. टोपणनावांची एक यादी मात्र खरंच पाठ करा, गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, बालकवी म्हणजे ठोंबरे, केशवसुत म्हणजे दामले, आरती प्रभू म्हणजे खानोलकर, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. सूचना कधी टोपणनाव मागते कधी आडनाव, ती नीट वाचा, घाईत उलटं भरलं जातं.

समानार्थी शब्द जीकेच्या कोड्यात पण घुसवलेले असतातच, घरं भरायला लागतात ना. कमळ (३) म्हटलं की पंकज, सरोज, राजीव, नलिनी, शेवटी ज असेल तर पहिले दोनच. शेजारच्या देशाची राजधानी (२) असेल तर ढाका, माले, थिंफू. अशा याद्या विषयानुसार न करता घरांनुसार करायच्या, दोन घरांच्या नद्या (तापी, भीमा, नीरा, कृष्णा, पूर्णा), चार घरांच्या नद्या (गोदावरी, वैनगंगा, पैनगंगा, इंद्रायणी), अशी वही केली की कोडं सोडवतानाचा अर्धा वेळ वाचतो.

सुरुवात कुठून करायची हे विचारतात बरेच जण. एक नंबरपासून नाही! सगळ्या सूचना एकदा वाचून काढा, ज्याची शंभर टक्के खात्री आहे तेवढंच भरा, मग त्याला चिकटलेले शब्द घ्या. लांब शब्द आधी मिळाला तर उत्तम कारण तो पाच सहा उभ्या शब्दांना अक्षर देतो.

ऱ्हस्व दीर्घ बद्दल एक सांगतो. आडव्यात रि येतोय आणि उभ्यात री, एवढाच फरक असेल तर उत्तर लगेच खोडू नका, कोडं बनवणारे तिथे कधी कधी सूट घेतात. पण काना किंवा मात्रा जुळत नसेल तर दोनपैकी एक नक्की चुकलंय, आणि बहुतेक वेळा ते जे तुम्ही अंदाजाने भरलं होतं तेच असतं.

जुन्या पेपरातली किंवा पुस्तकातली कोडी सोडवत असाल तर कोडं कधीचं आहे ते बघा. पालघर जिल्हा ऑगस्ट २०१४ मध्ये झाला, त्याआधीच्या काही वर्षांतल्या कोड्यात जिल्हे ३५ धरायचे. तिथे मराठवाड्यातला जिल्हा पाच घरांचा हवा असेल तर उस्मानाबाद चालेल, आताच्या कोड्यात तोच जिल्हा धाराशिव, घरं चार.

मोबाईलवर शोधायचं असेल तर अगदी शेवटी, आणि तेव्हाही उत्तर नाही, यादी शोधा, म्हणजे "प्रवरेकाठचं गाव" असं न शोधता नकाशा उघडून नदीकाठची गावं बघा, नेवासा सापडेलच पण सोबत आणखी चार गावं लक्षात राहतील जी पुढच्या आठवड्यात कुठल्यातरी कोड्यात येणारच आहेत.